पाटावरची इंग्रजी पोथी

पोथी संपल्याशिवाय ऑपरेशनला येणार नाही, असं बाबांनी सांगितलं तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो असा, की ती पोथी म्हणजे माझी इंग्रजी कादंबरी आहे हे डॉक्टरांना कुठल्या तोंडाने सांगायचं. दुसरी गोष्ट त्यानंतर लक्षात आली. त्या कादंबरीचा शेवट तिच्या लेखकाने अजून लिहिलेलाच नव्हता.

सुरुवातीपासून सांगते. घाईने सांगितलेली गोष्ट मला आवडत नाही.

मी जाड पुस्तकं वाचते. जाड म्हणजे उशाला घेता येतील अशी. जासईला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी कागदपत्रं तपासते. नेरुळहून ऑफिसची बस सुटते आणि ट्रेलरच्या रांगेत अडकत अडकत पोचते. बाकीचे त्या रांगेला शिव्या घालतात, मी पान उलटते. मला फँटसी लागते. पुढे नकाशा, मागे वंशावळ, मधे सात-आठशे पानं, आणि असे पाच-सहा खंड. शेजारच्या सीटवरची बाई मला दर दोन दिवसांनी विचारते, "काय झालं गं पुढे?" मी सांगते, अजून काही नाही. "कितव्या पानावर आहेस?" चारशे दहा. मग ती माझ्याकडे अशी बघते, की घरी काही प्रॉब्लेम आहे का हिच्या.

तिला कसं सांगू, की काही होत नसतं तेव्हाच माझी सगळ्यात जास्त तंतरते.

ही कादंबरी एका शहराची. शहर समुद्राच्या पातळीखाली, आणि समुद्र अडवायला एक दगडी बांध. बांधाची राखण एका घराण्याकडे, आणि त्या घराण्यात उरलेली एकच मुलगी. पहिल्या खंडात दोनशे-सव्वादोनशे पानांवर ती फिरता फिरता बांधाला हात टेकते. हात ओला होतो. ती जिभेला लावून बघते, खारट लागतं. बस, एवढंच. पुढची तीनशे पानं लेखक बांधाचं नावही काढत नाही. शहरात जत्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो, मसाल्याचे व्यापारी एकमेकांशी भांडतात, दोन लग्नं होतात आणि त्यांतली जेवणं तर पदार्थागणिक वाढलेली. पण मी त्या पंगतीत बसून कुणाच्या पानात काय वाढलंय ते बघत नव्हते. मी भिंतीकडे बघत होते. दर खंडाला पाणी फार तर एक बोट चढायचं. बसमध्ये माझे तळहात गार पडायचे आणि मला फार बरं वाटायचं. कारण ती भीती मी विकत आणलेली होती. पुस्तक मिटलं की ती पिशवीत जायची आणि मी डबा खायला मोकळी.

आता बाबा.

आम्ही मूळचे नेरुळला लागून असलेल्या शिरवणे गावचेच. खाडीकडची भातखाचरं गेली, तिथे सेक्टर आले, आणि गावात घराच्या जागी आमची चार मजली बिल्डिंग उभी राहिली. वर भाडेकरू, तळमजल्यावर बाबा आणि मी. आई जाऊन चार वर्षं झाली. धाकटा भाऊ खारघरला असतो. बाबांनी तरुणपणी खारजमीन कसली, मग औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत नोकरी करून रिटायर झाले. काचबिंदूने नजर इतकी गेली, की आता उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो, चेहरा कळत नाही. पण गावात त्यांची ओळख वेगळीच होती. ते अर्थ सांगायचे. श्रावणात आमच्याकडे संध्याकाळी पोथी बसायची. एकाने ओवी वाचायची आणि थांबायचं, मग दुसऱ्याने "म्हंजे काय" म्हणून अर्थ उलगडायचा. बाबा अर्थ सांगायला लागले, की एका ओवीत देव, सासुरवास, भरती-ओहोटी आणि ग्रामपंचायत सगळं यायचं. वाचणारे काका वारले, आणि आमच्या घरची पोथी बंद झाली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात बाबांच्या पोटात दुखलं म्हणून सोनोग्राफी केली. दुखणं साधंच निघालं, पण तपासताना दुसरंच सापडलं. हृदयातून पोटात उतरणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली होती. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, सरळ नळी आणि मधेच सापाने उंदीर गिळल्यासारखा फुगवटा. म्हणाले, सध्या लहान आहे, वाट बघू, तीन महिन्यांनी परत बघू. जड उचलायचं नाही, चिडायचं नाही. मी विचारलं, आणि फुटली तर? डॉक्टर म्हणाले, "तसं झालं तर हातात वेळ राहत नाही." एवढं बोलून त्यांनी कागदाची घडी केली आणि फाइलला लावली.

घरी आलो. बाबा जेवले, कोळंबीचं कालवण चांगलं झालं म्हणाले. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आणि मला कळलं, की मी या गोष्टीत आहे. हात ओला झालाय आणि आता तीनशे पानं काहीच होणार नाही. फरक एवढाच, की हे पुस्तक मिटता येत नव्हतं. बाबा चप्पल शोधायला वाकले की मी हातातलं टाकून पुढे व्हायचे. न्हाणीघरातला नळ बंद झाला की मी मोजायला लागायचे, दार कधी उघडतंय. ऑफिसातून अकराला फोन, दोनला फोन. बाबा उचलून म्हणायचे, "जिवंत हाय. ठेव."

दिवसभर बसून काय करायचं म्हणून त्यांनीच विचारलं, "तू ते जाडं जाडं काय वाचतंस, मना पन सांग की." मी पहिला खंड काढला आणि वाचता वाचता मराठी करून सांगायला लागले. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील. पण बाबांना त्या पुस्तकात काहीच संथ वाटेना. घोड्यांच्या बाजाराची वीस पानं झाली, तर म्हणाले, एवढ्या बाजारात घोड्याचे दात कुणी तपासले नाहीत, यो लेखक घोडा घेतलेला माणूस नाय. बांधाचं आलं तेव्हा मात्र ते सरसावून बसले. एक परिच्छेद झाला की हात वर करून मला थांबवायचे. "म्हंजे काय," आणि अर्थ सुरू. इंग्रजीचं अक्षर न कळणारा माणूस मला इंग्रजी कादंबरीचा अर्थ सांगत होता, आणि तो बरोबर असायचा. हात ओला झाला त्या पानावर ते म्हणाले, "बांद वरशी नाय फुटत बाय. खेकडा आत बीळ करतो. आमी उघाडीवर, बांदातल्या पान्याच्या दारावर, राखन करायचो, रात रात पान्याकडं कोन बघत नसे, बांदाच्या पोटाकडं बघायचो." बांधाच्या पोटाकडे, असं ते सहज बोलून गेले. मी पुढचं वाक्य दोनदा वाचलं.

गल्लीतले तीन म्हातारे येऊन बसायला लागले. त्यातल्या एका काकांना ऐकायला कमी येतं, ते बाबांचा अर्थ तेवढा ऐकायचे.

चूक झाली ती तिसऱ्या खंडाला. श्रावण लागला होता. तो खंड विटेसारखा जड, माझी मनगटं दुखायला लागली. म्हणून मी देवाच्या कपाटातून पोथीचा लाकडी पाट काढला, त्याच्यावरचं लाल फडकं झटकलं आणि पुस्तक त्यावर ठेवलं. दिवेलागण झालेली, देवापुढे निरांजन. बाबांनी पाट ठेवल्याचा आवाज ऐकला. उठले, खुंटीवरची टोपी चाचपून घातली, पुस्तकाला हात लावून नमस्कार केला आणि मांडी घालून बसले. तिन्ही म्हाताऱ्यांनी नमस्कार केला. मला हसू आलं. अडवावं असं मनात आलं नाही. दुसऱ्या कुणाच्या घरात ही चूक झालीच नसती, त्यांच्याकडे पुस्तक टेबलावर राहिलं असतं. पण मी त्याच घरात वाढलेली, मला सगळे नियम पाठ होते. बसलेली पोथी अर्धवट सोडायची नाही, आणि समाप्ती होईपर्यंत घरच्या कर्त्याने गावची शीव ओलांडायची नाही.

तीन महिने झाले. परत सोनोग्राफी केली ती गल्लीच्या तोंडाशीच, त्यामुळे शिवेचा प्रश्न आला नाही. रिपोर्ट घेऊन मी एकटी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते या वेळी कागदावर चित्र काढायच्या भानगडीत पडले नाहीत. फुगवटा वाढला होता. जांघेतून नळी घालून आतून अस्तर बसवायचं, आठवड्याभरात ॲडमिट करा, म्हणाले.

बाबांनी ऐकून घेतलं. विचारलं, "पोथी कवा सरते?"

"बाबा, ते पुस्तक आहे."

"पाटावर कोनी ठेवलं?"

मी रिपोर्ट पाकिटात सरकवला.

"समाप्ती होऊं दे, मग येतंय. शीव नाय ओलांडनार."

मी म्हटलं, गावाला शीव राहिलीय कुठे, चारी बाजूंनी सेक्टर आहेत, हायवे आहे, कंपन्या आहेत. बाबांनी हाताने दिशा दाखवून सांगितलं, गावदेवीची पालखी नाल्याच्या पुलाशी जाऊन मागे फिरते, तीच शीव. हॉस्पिटल त्या पुलापासून दोन स्टॉप पलीकडे होतं. भावाला फोन केला. तो आधी हसला, मग ओरडला, मग म्हणाला, "ताई, मला टेन्शन देऊ नको यार. तू सुरू केलंयस, तूच संपव."

संपव म्हणे. चौथ्या खंडाची सहाशे पानं बाकी होती. आणि पाचवा, शेवटचा खंड निघालाच नव्हता. लेखक गेली कित्येक वर्षं लिहितोय लिहितोय म्हणत होता. आम्हा वाचकांचे इंटरनेटवर गट आहेत, तिथे लोक त्याच्या तब्येतीच्या चौकश्या करतात, म्हातारा पुरं करण्याआधी जाणार की काय म्हणून. मीही एकदा लिहिलं होतं तसं, गंमत म्हणून. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

बाबांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर समाप्ती कधीच नाही, म्हणजे ऑपरेशन कधीच नाही, असा सरळ हिशेब माझ्या डोक्यात होता. मी वेगाने वाचायला लागले. संध्याकाळी वीस पानं व्हायची तिथे साठ. म्हातारे पेंगायला लागले. मी वर्णनं गाळायला लागले, मग जेवणं, मग अख्खी प्रकरणं. आयुष्यभर ज्या लोकांना मी नावं ठेवली, शेवटचं पान आधी बघणारे, तीच मी झाले. एका संध्याकाळी मी पंचवीसेक पानं एकदम उलटली. बाबांनी हात वर केला.

"किती पानां मारलीस?"

"चिकटली होती."

"माग जा."

मी मागे गेले. ती पंचवीस पानं एका म्हाताऱ्या राखणदाराच्या आजारपणाची होती. तो खाटेवर पडून बांधाचा आवाज ऐकतो, बाकी काही घडत नाही. मी ती मोठ्याने वाचली. दर ओळीला वाटत होतं, आत्ता, या ओळीला बाबा पोट धरतील. त्यांनी खोकल्यासाठी तोंड उघडलं तरी माझी ओळ अर्धीच राहायची. इतकी घाबरलेली मी कधीच नव्हते, आणि एवढ्या घाबरलेल्या माणसाला इतकं सावकाश वाचायला लावणं ही शिक्षाच होती.

पाचव्या दिवशी मी ठरवलं, की शेवट मीच करते.

ऑफिसातून येताना बसमध्ये सगळं जुळवलं, आणि गल्लीत भेटलेल्या एका म्हाताऱ्याला सांगून टाकलं, आज समाप्ती. संध्याकाळी पाटापुढे बसले, चौथा खंड मधेच उघडा, आणि नजर पानावर ठेवून बोलायला लागले. राखणदार मुलीला बांधातलं बीळ सापडलं. तिने रात्रीतून ते बुजवलं. समुद्र मागे हटला, राजाने तिला मान दिला, घोड्यांच्या बाजारातला तो चांगला मुलगा होता त्याच्याशी लग्न झालं, पाऊणेक तासात सगळं निस्तरलं. "इथे ग्रंथ समाप्त," मी म्हटलं. म्हाताऱ्यांनी हात जोडले. ऐकायला कमी येणाऱ्या काकांनी घरून पेढे आणले, म्हणजे त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतं आज समाप्ती आहे म्हणून. बाबांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.

सगळे गेल्यावर म्हणाले, "पान उलटलं नायस."

मी पुस्तक मिटलं.

"पाऊन तास बोलत होतीस, एक पान उलटलं नाय. आनि यो शेवट त्याचा नाय बाय. ज्या मानसानं पानी एक बोट चढवायला एवढा ग्रंथ लिवला, तो एका सांजला नाय उतरवनार."

मग माझा बांध फुटला, आणि तो आतूनच फुटला. मी रडत, चिडत सगळं सांगितलं. की शेवटचा खंड नाहीच. की तो कधी येईल माहीत नाही. की तू या बनावट पोथीपायी घरात बसून मरशील आणि ती पाटावर मी ठेवली, तर तुला मी मारलं असं होईल. की मी रोज अकराला फोन करते तेव्हा रिंग वाजताना तू गेलेला असतोस, आणि तू उचललास की परत येतोस, आणि दोनला परत गेलेला असतोस. मला आता हे सहन होत नाही, बाबा. मला भीती वाटते.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मना काय नाय वाटत?"

मला तो प्रश्न वाटला. तो प्रश्न नव्हता.

"मी पन भितंय," ते म्हणाले. "पोथी बसलीय तवर मना कोन हात लावनार नाय, असं वाटलं. जेवढी लांबली तेवढी बरी. शेवट नाय म्हनतंस, ते आयकून मना बरंच वाटलं बग."

पाच दिवस मी त्यांच्या श्रद्धेशी झगडत होते, आणि आत बसला होता माझ्यासारखाच एक घाबरलेला माणूस. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता हे त्या वेळी बरं झालं.

मग त्यांनीच तोड काढली. देवापुढची सुपारी मागितली, जिथपर्यंत खरं वाचून झालं होतं ते पान मला काढायला लावलं आणि सुपारी त्यावर ठेवली. घरात मयत झाली किंवा पुराचं पाणी आलं तर पूर्वी असंच करायचे म्हणाले. पोथी मोडत नाही, थांबते. परत येऊन आपल्या हाताने सुपारी उचलायची, आणि पुढे वाचायचं.

"आनि उचलायला मी नाय आयलो, तर तू उचल."

"गप्प बस, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने निघालो. भाऊ बाइकवर पुढे. पुस्तक मी सुपारीसकट फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, बाबांचाच हट्ट. नाल्याच्या पुलाशी त्यांनी रिक्षा थांबवायला लावली, बसल्या जागेवरून हात जोडले. मग म्हणाले, चल. मी असल्या गोष्टी मानत नाही. ग्रॅज्युएट आहे, पाळीच्या दिवसांत देवाला हात लावते, अमावस्येला केस धुते. पण रिक्षा तो पूल ओलांडत होती तेव्हा मी श्वास धरून बसले होते, आणि पलीकडे गेल्यावर बाबांच्या छातीकडे बघितलं, हलतेय का. हलत होती.

त्यांना आत नेल्यावर आम्ही खुर्च्यांवर बसलो. दोन-अडीच तास लागतील असं सांगितलं होतं. दीड तासाने मी पुस्तक काढलं. वाचायला नव्हे, आपलं धरून बसायला. फडकं सोडलं, पान उघडलं, आणि सुपारी नव्हती.

मी गुडघ्यांवर खाली बसले. खुर्च्यांखाली बघितलं, लोकांचे पाय बाजूला करायला लावले, पिशवी उलटी केली. भाऊ विचारतोय काय हरवलं, कानातलं पडलं का. शेवटी म्हटलं, सुपारी. तो मला वेड्यात काढेल असं वाटलं. पण तोही त्याच घरातला. त्याचा चेहरा उतरला, आणि तोही खाली बसून शोधायला लागला. कंपनीत मॅनेजर असलेला माझा भाऊ हॉस्पिटलच्या फरशीवर रांगत होता. सुपारी सापडली नाही. रिक्षात पडली असेल, पुलावरही पडली असेल. समोरच्या पानवाल्याकडून त्याने दुसरी आणली, मी ती त्या पानावर ठेवली आणि पुस्तक मिटून दोन्ही हातांनी दाबून धरलं. पुढचा तासभर मी एकच गोष्ट मनात घोळवत होते, की देवाला फसवलं तर चालेल, पण ते कळू नये.

तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले, अस्तर नीट बसलं म्हणाले. मला आधी त्यांचे ओठच दिसले, शब्द नंतर आले.

चौथ्या दिवशी घरी आलो. बाबांनी पाटाशी बसून सुपारी उचलली, अंगठ्याने तिच्यावरून हात फिरवला, जरा जास्तच वेळ. मग खिशात टाकली. "वाच," म्हणाले.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. तपासणीच्या तारखेला पानावर सुपारी बसते, आलं की उठते. म्हाताऱ्यांना बाबांनी सांगून टाकलं, ती समाप्ती म्हणजे राखणदार मुलीला पडलेलं स्वप्न होतं. चौथा खंड आम्ही एकही जेवण न गाळता वाचला. तो दिवाळीनंतर कधीतरी संपला. पुढच्या संध्याकाळी म्हातारे नेहमीच्या वेळेला आले, बाबा टोपी घालून बसले, तेव्हा मी तोच खंड पुन्हा पाटावर ठेवला, कुठलंसं पान उघडलं आणि मनानेच पुढे सांगायला लागले. या वेळी घाई केली नाही. सव्वा महिना मी नुसतं शहरातलं बाजारपेठेचं भांडण चालवलं. पाणी आहे तिथेच आहे.

गेल्या महिन्यात शेवटचा खंड निघाला. गटावर बातमी आली तेव्हा मी ऑफिसात होते, आणि इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते वाचून माझे तळहात गार पडले. फार पूर्वी मी तो ऑनलाइन बुक करून ठेवला होता, ते विसरलेही होते. दोन आठवड्यांनी आठवलं, दिवस मोजले, तर पार्सल एव्हाना यायला हवं होतं. बाबांना विचारलं, काही आलं का. "नाय," ते म्हणाले.

परवा तांदूळ काढायला कोठी उघडली. तळाशी हाताला काहीतरी टणक लागलं. लाल फडक्यात घट्ट बांधलेलं, विटेएवढं. पोथीच्या पाटावरचं फडकं कुठे गेलं हे मी आठवडाभर शोधत होते. गाठ सोडली नाही. तांदूळ वरून सारखे केले आणि झाकण लावलं.

संध्याकाळी वाचायला बसले. भिंतीपाशी राखणदार मुलगी उभी होती आणि तिने हात टेकावा की नाही हे मी चौथा दिवस ठरवत होते. बाबा टोपी सरळ करून माझ्याकडे कलले, म्हाताऱ्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "मधी मधी पान उलटत जा, बाय. आनि सावकाश."

मी पान उलटलं.